सात मिलिमीटरचा निकाल

लग्नाला वर्ष-दोन वर्षे झाली, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘काय, काही विशेष?’ विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील जिने असोत, टागोर नगरातील चाळवजा इमारती असोत, की स्टेशनपलीकडच्या पार्क साइटच्या गल्ल्या असोत; हा प्रश्न विचारणाऱ्यांत वाईट हेतू क्वचितच असतो. पण ज्या घरात ‘विशेष’ काही घडत नाही, त्या घरातील सुनेला तो प्रश्न हळदीकुंकवाच्या दिवशी, बारशाच्या दिवशी, गावाकडच्या जत्रेच्या दिवशी टोचत राहतो. आता या प्रश्नाच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आला आहे. तो शेजारणी विचारत नाहीत. तो दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना हलक्या आवाजात विचारतात : ‘तुझं अस्तर किती आलं?’

उत्तर मिलिमीटरमध्ये असते. साडेआठ आले, तर चेहरा उजळतो. साडेसहा आले, तर तो उतरतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर मोजलेल्या त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फरकावर लाखभर रुपये, महिनाभराच्या रजा, इंजेक्शनांनी काळेनिळे झालेले पोट आणि दोन माणसांच्या संसाराची आशा टांगलेली असते. हा आकडा म्हणजे नेमके काय, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, आणि त्याच्या नावाखाली काय काय विकले जाते, हे घराघरांतून समजून घेण्याची वेळ आली आहे. कारण हा विषय आता श्रीमंतांचा उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. आपल्या प्रत्येक इमारतीत, प्रत्येक नात्यागोत्यात असे एखादे घर असणारच.

जमीन आणि बी

गर्भाशयाला आतून एक मऊ आवरण असते. त्याला मराठीत आपण अस्तर म्हणतो आणि तो शब्द चपखल आहे. कोटाला जसे आतून अस्तर, तसे हे. फरक एवढाच, की हे अस्तर दर महिन्याला उसवले जाते आणि दर महिन्याला नव्याने शिवले जाते. पाळी संपते तेव्हा ते जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे उरते. मग बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाने ते वाढू लागते. बीज सुटायच्या सुमारास ते साधारण सात ते चौदा मिलिमीटरपर्यंत पोचते आणि सोनोग्राफीत तीन रेघांसारखे दिसते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक येते. ते अस्तराला जाड करत नाही, तर गर्भ स्वीकारण्यास तयार करते. हा स्वीकाराचा काळ महिन्यातून मोजक्याच दिवसांचा असतो. त्या दिवसांत भ्रूण येऊन टेकला, तर तो रुजतो. नाही तर अस्तर पुन्हा गळून पडते आणि पाळी येते.

ज्याला आपण ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतो त्या उपचारात स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत त्याचे फलन करतात, तीन किंवा पाच दिवस भ्रूण वाढवतात आणि मग एका बारीक मऊ नळीतून तो गर्भाशयात सोडतात. ही शेवटची पायरी काही मिनिटांची असते. बहुधा भूलही लागत नाही. पण त्याआधीचा सारा खटाटोप या काही मिनिटांसाठीच असतो. आणि त्या घटकेला अस्तर पातळ असेल तर? आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बी कितीही निवडक असो, वाफसा नसेल तर पेरणी कशी करायची?

म्हणूनच बहुतेक केंद्रांतून ‘सात मिलिमीटर’ ही एक सीमारेषा मानली जाते. सातच्या खाली अस्तर म्हणजे ‘पातळ’. असे किती जणींच्या बाबतीत घडते? २०१४ साली अनेक अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक उपचार-आवर्तनांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. त्यात सात मिलिमीटर किंवा त्याहून पातळ अस्तर सुमारे २.४ टक्के आवर्तनांत आढळले. म्हणजे प्रश्न सार्वत्रिक नाही. पण जिच्या वाट्याला येतो तिच्यासाठी तो शंभर टक्के असतो.

आकडा काय सांगतो?

कॅनडातील केंद्रांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच आवर्तनातला ताजा भ्रूण सोडलेल्या चोवीस हजारांहून अधिक खेपा तपासल्या होत्या. अस्तर आठ मिलिमीटर किंवा अधिक असताना ३३.७ टक्के खेपांत मूल जन्माला आले. सात ते आठच्या दरम्यान हे प्रमाण २५.५ टक्के, सहा ते सातच्या दरम्यान २४.६ टक्के आणि पाच ते सहाच्या दरम्यान १८.१ टक्के होते.

हे आकडे दोनदा वाचावेत असे आहेत. पहिल्या वाचनात दिसते ते हे, की अस्तर पातळ होत जाते तशी शक्यता घटते. हे खरेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या वाचनात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, सहाच्याही खाली अस्तर असलेल्या खेपांतून शंभरात अठरा मुले जन्माला आली; म्हणजे पातळ अस्तर हा नकाराचा शिक्का नव्हे. दुसरी, अस्तर उत्तम असूनही शंभरातल्या सहासष्ट खेपा रित्याच गेल्या. म्हणजे जाड अस्तर ही हमीही नव्हे. स्त्रीचे वय, बीजाची प्रत, पुरुषाच्या शुक्रजंतूंची प्रकृती, भ्रूणातील गुणसूत्रे, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. शिवाय मोजणाऱ्याचा हात आणि यंत्र बदलले, की मिलिमीटरभराचा फरक सहज पडू शकतो. सकाळी एका ठिकाणी ६.८ आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी ७.३ आले, म्हणून दुपारी काही चमत्कार घडला असे नसते.

तेव्हा हा आकडा म्हणजे आकाशातल्या ढगासारखा. शेतकरी तो पाहून अंदाज बांधतो, पण ढगाला निकालपत्र समजत नाही. आपल्याकडे मात्र तो निकालपत्रासारखाच वाचला जातो आणि तोही सुनेच्या नावावर.

पातळ का होते?

इथेच हा विषय एकेका बाईच्या शरीराचा न राहता समाजाचा होतो. अस्तर पातळ राहण्याची काही कारणे अगदी आपल्या घरातली, आपल्या वस्तीतली आहेत.

पहिले कारण क्युरेटिंग. ‘पिशवी साफ करून घेतली’ असे आपल्या बायका सहज सांगतात. गर्भ राहिला आणि थांबला, पाळी लांबली, नको असताना दिवस गेले, की करा क्युरेटिंग. धारदार चमच्यासारख्या हत्याराने गर्भाशय खरवडताना अस्तराचा मुळाचा थर जखमी झाला, तर तो पुन्हा नीट वाढत नाही. कधी आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. जोसेफ आशरमन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने खरवडण्याची ही पद्धत कालबाह्य ठरवली आहे आणि तिच्या जागी औषधे किंवा हवेच्या दाबाने पिशवी रिकामी करण्याची पद्धत वापरावी, असे सांगितले आहे. तरीही हा जुना रिवाज पुरता मोडलेला नाही. पंचविसाव्या वर्षी घाईने केलेल्या खरवडीचा हिशेब पस्तिसाव्या वर्षी चुकवावा लागतो, हे त्या मुलीला तेव्हा कोणी सांगितलेले नसते.

दुसरे कारण क्षय. क्षय म्हटला, की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षयाचे जंतू गर्भनलिकांत आणि गर्भाशयातही मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षे काही लक्षण दाखवत नाहीत. नलिका बंद होतात, अस्तराला चट्टे पडतात आणि बाईला ते कळते ते मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर. दाटीवाटीच्या, उजेड-वारा न शिरणाऱ्या खोल्यांत क्षय कसा पसरतो, हे पूर्व उपनगरांतल्या माणसाला सांगायला नको. हा रोग वेळेवर ओळखला, तर त्याची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. एकदा अस्तर जळून गेल्यावर मात्र लाखो रुपये खर्चूनही ते परत येईलच असे नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. एका चाचणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला एवढ्यावरून सहा महिने क्षयाची औषधे सुरू करणेही योग्य नव्हे. निदानासाठी इतर पुरावाही पाहावा लागतो.

तिसरे कारण औषधातलेच. बीज वाढवण्यासाठी वर्षानुवर्षे दिली जाणारी क्लोमिफेनची गोळी काही जणींत अस्तर पातळ करते. डॉक्टर न बदलता, तपासणी न करता, ‘अजून तीन महिने घ्या’ म्हणत ती चालू ठेवणे म्हणजे एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने माती उपसायची. आणि काही जणींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. रक्तपुरवठा कमी पडत असावा, असा तर्क केला जातो, एवढेच.

यात एक कारण कुठेच नाही, हे नीट लक्षात घ्यावे : त्या बाईचा दोष. ती नोकरी करते म्हणून, जिने चढते म्हणून, लोकलला लोंबकळते म्हणून, पपई खाल्ली म्हणून किंवा कुलदेवतेचे राहून गेले म्हणून अस्तर पातळ होत नाही.

कोलकाता ते परळ

या उपचाराचा आपल्या देशातला इतिहासही अस्तराच्या या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. मुखोपाध्यायांनी एक वेगळीच गोष्ट केली होती. बीजे वाढवण्यासाठी औषधे दिलेल्या महिन्यात भ्रूण गर्भाशयात न सोडता त्यांनी तो गोठवून ५३ दिवस जपून ठेवला आणि नंतरच्या एका नैसर्गिक आवर्तनात सोडला. औषधांच्या माऱ्याने अस्तराचे वेळापत्रक बिघडते. तेव्हा बी राखून ठेवावे आणि वाफसा आल्यावर पेरावे, अशी ही सरळ दृष्टी. आज जगभर लाखो भ्रूण याच विचाराने गोठवले जातात. पातळ अस्तराच्या रुग्णाला ‘या महिन्यात थांबू, भ्रूण गोठवून ठेवू’ असे डॉक्टर सांगतात, ते याच वाटेने.

मुखोपाध्यायांच्या वाट्याला मात्र अविश्वास आला. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्रविकारांच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. १९९० चा तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट याच शोकांतिकेची आठवण देतो.

पुढला अध्याय आपल्या मुंबईतला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचे हे यश. पुराव्यानिशी नोंदलेली देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचे नाव झाले. पण थोरवी पुढेच आहे. १९९७ मध्ये आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि पहिलेपणाचा मान माझा नव्हे, त्यांचा, असे शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर केले. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून दुसऱ्याच्या, तोही हयात नसलेल्याच्या, डोक्यावर ठेवणारी माणसे विरळा. २०१६ मध्ये हर्षा स्वतः आई झाली.

या इतिहासातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय. संशोधन संस्था सरकारी. म्हणजे हे शास्त्र मुंबईत आले ते पंचतारांकित दवाखान्याच्या काचेच्या दारातून नव्हे. ज्या रुग्णालयात गिरणी कामगाराची बायको केसपेपर काढून रांगेत बसते, त्या रुग्णालयाच्या दारातून. विक्रोळीहून धीम्या लोकलने परळ फारसे लांब नाही. मग चाळीस वर्षांत हे अंतर वाढले कसे?

आशेचा बाजार

समजा, कन्नमवार नगरातील एक जोडपे आहे. तो खासगी कंपनीत, ती बालवाडीत शिक्षिका. खासगी केंद्रात एका खेपेला लाख-दोन लाखांहून अधिक खर्च येतो. सोसायटीचे कर्ज, मंगळसूत्राखेरीजचे दागिने, सासऱ्यांच्या फंडाचे पैसे, असे करून ते रक्कम उभी करतात. भ्रूण चांगले होतात. पण अस्तर साडेसहावर अडते. इथून दुसरी यादी सुरू होते. रक्तपुरवठा वाढवण्यासाठी सिल्डेनाफिल. स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्स वेगळ्या काढून पिशवीत सोडणे. वाढ-घटकांची इंजेक्शने. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढणे. कुठे कुठे मूळपेशींचीही भाषा. प्रत्येकाचे बिल वेगळे.

यातले काय उपयोगी आहे? पिशवीत आत चिकटलेल्या भिंती दुर्बिणीतून पाहून सोडवणे, क्षय असेल तर त्यावर उपचार करणे, इस्ट्रोजेन अधिक दिवस देऊन वाट पाहणे, आवर्तनाची पद्धत बदलणे, या गोष्टींमागे समजण्यासारखे कारण आहे. बाकीच्या यादीमागचा पुरावा तोकडा आहे. ओरखड्याचेच पाहा. अनेक वर्षे तो जगभर केला गेला. मग १३६४ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ओरखडा काढलेल्या गटात २६.१ टक्के स्त्रियांना मूल झाले आणि न काढलेल्या गटातही २६.१ टक्के. फरक शून्य, वेदना आणि बिल तेवढे जादा. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अशा जोड-उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ओरखडा किंवा प्लेटलेट्स नेहमीच्या उपचारात वापरण्याची शिफारस केली नाही. ब्रिटनमधील नियामक संस्था तर प्रत्येक जोड-उपचारामागे किती पुरावा आहे, हे रंगांच्या खुणांनी सामान्य माणसाला कळेल असे जाहीर करते.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतात, ‘आम्ही काय करावे? रुग्णच सोडत नाहीत. काहीतरी करा म्हणतात.’ या म्हणण्यात तथ्य आहे. बुडत्याला काडीचा आधार लागतो. पण काडी फुकट मिळाली तर तो आधार; काडीचे चाळीस हजार घेतले तर तो व्यापार. ज्या उपचाराचा उपयोग सिद्ध झालेला नाही तो प्रयोग असतो. आणि प्रयोगाचा खर्च ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने करायचा नसतो, हा वैद्यकातला साधा नियम आहे. ‘हे प्रायोगिक आहे, उपयोग होईलच असे नाही’ एवढे मराठीत, कागदावर लिहून द्यायला कोणाचा हात दुखू नये. पातळ अस्तर असताना ‘या खेपेला थांबा’ असे सांगणारा डॉक्टर रुग्णाला निराश करतो खरा, पण तोच अनेकदा त्याचा खरा हितचिंतक असतो.

याबाबत कायदा आपल्या बाजूने आहे, हे अनेकांना माहीतच नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. केंद्राची नोंदणी हवी. यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका, हे सारे समजावून सांगून जोडप्याला निर्णय घेण्यास मदत करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. तक्रार ऐकण्याची व्यवस्थाही केंद्राने ठेवायची आहे. तेव्हा ‘माझ्या वयाच्या, माझ्यासारखे अस्तर असलेल्या किती जणींना तुमच्याकडे मूल झाले?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हक्काचा आहे. गर्भधारणेची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येणे आणि मूल घरी येणे यांत अंतर असते. म्हणून आकडा विचारायचा तो मूल जन्मल्याचा.

सरकारने का करावे?

‘देशाची लोकसंख्या एवढी, आणि सरकारने मुले होण्यासाठी पैसे खर्चावेत?’ हा आक्षेप नेहमी येतो. तो वरवर बिनतोड वाटतो. पण महाराष्ट्रातील एकूण जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १.७ वर आला आहे. म्हणजे दोनाच्याही खाली. आणि मुळात हा मोजदादीचा प्रश्नच नाही. ‘दोन पुरेत’ असे सरकारने आपल्याला घरोघरी येऊन सांगितले आणि आपण ऐकले. कुटुंबाचे नियोजन म्हणजे नको तेव्हा मूल न होऊ देणे, तसेच हवे तेव्हा होऊ देणेही. शिवाय ज्या बाईचे अस्तर सरकारी अनास्थेने पसरलेल्या क्षयाने किंवा कुठल्याशा खोलीत झालेल्या खरवडीने गेले, तिला ‘हा तुमचा खासगी मामला’ असे सांगणे न्यायाचे नव्हे.

ही अशक्य कोटीतली गोष्टही नाही. गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून हे उपचार मोफत देण्याची सोय झाली आहे. एवढेसे गोवा जे करू शकते, ते पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीची नोंद आपल्या महापालिकेच्या खात्यावर असलेल्या मुंबईला जड का जावे? प्रत्येक उपनगरात प्रयोगशाळा उभारा, असे कोणी म्हणत नाही. पण प्राथमिक तपासण्या, क्षयाचे निदान, पुरुषाची वीर्यतपासणी, दुर्बिणीची तपासणी, एवढे तरी उपनगरी रुग्णालयांतून व्हावे आणि पुढच्या उपचारांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांतील सोय वाढवावी. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचा उपचार वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतो. काही नव्या पॉलिसी तो मर्यादेत देतात. हे वगळणे बंद करण्याचा विचार आता व्हायला हवा. आणि सर्वांत स्वस्त उपाय : खरवडीची जुनी पद्धत बंद करा. त्याला नवे यंत्र नको, फक्त शिस्त हवी.

घराने का बदलावे?

सरकार बदलेल तेव्हा बदलेल; घर आजपासून बदलू शकते. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा फार मोठा असतो. तरी पहिली तपासणी सुनेची, दुसरी सुनेची, तिसरीही सुनेची आणि मुलाची तपासणी ‘गरज पडली तर’. ही उलटी गंगा आधी थांबवली पाहिजे. वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत सोपी आणि स्वस्त. ती न करता बायकोच्या अस्तरावर लाख रुपये घालणे याला श्रद्धाही म्हणता येत नाही आणि शास्त्रही.

भ्रूण सोडल्यावर पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहण्याची सक्ती अनेक घरांत होते. त्याने रुजण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट, त्या बाईला पंधरा दिवस छताकडे पाहत स्वतःवर पहारा ठेवायला लावतो आपण. आणि चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, की ‘त्या दिवशी उठून चहा केलास ना!’ म्हणायला मोकळे. तिला कामावर जावेसे वाटले तर जाऊ द्यावे. झोपावेसे वाटले तर झोपू द्यावे.

आणि एक ठरवून टाकावे. सुरुवातीलाच, दोघांनी मिळून, शांत डोक्याने : किती खेपा करायच्या, किती रुपये घालायचे, कुठे थांबायचे. एकदा चक्रात शिरल्यावर हे ठरवता येत नाही. ‘एवढे केले, आणखी एक करू’ हा मोह जुगाऱ्यासारखा असतो. थांबल्यानंतरच्या वाटाही आहेत. अस्तर काही केल्या साथ देत नसेल, तर कायद्याच्या चौकटीत, पैशाच्या व्यवहाराविना सरोगसीची वाट आहे. तिच्या अटी कडक आहेत आणि असायलाच हव्यात. दत्तकाची वाट आहे. तीत आता वर्षांची प्रतीक्षा असते, म्हणून तिचा विचार शेवटी नव्हे, आधीच करावा. आणि दोघांनीच सुखाने राहण्याचीही एक वाट आहे. तिला ‘हार’ म्हणणारे आपण कोण?

विज्ञानाने फार मोठे काम केले आहे. ज्या घरांत पाळणा हलण्याची आशा सुटली होती, तिथे तो हलला आहे. त्या विज्ञानाबद्दल कृतज्ञच राहायला हवे. म्हणूनच त्याच्या नावावर चालणाऱ्या बाजाराला प्रश्न विचारायला हवेत, आणि त्याच्या आकड्यांचा सासुरवास होऊ न देण्याची काळजी घ्यायला हवी. पूर्वी ‘वांझ’ हा एक शब्द बाईला घराबाहेर काढायला पुरत असे. तो शब्द आता सभ्य घरांत उच्चारला जात नाही. त्याच्या जागी ‘हिचं अस्तरच वाढत नाही’ हे वाक्य येऊन बसणार असेल, तर आपण फक्त शब्द बदलला, मन बदलले नाही, असेच म्हणावे लागेल. पुढच्या वेळी जिन्यात एखादी मुलगी औषधांची पिशवी घेऊन थकून चढताना दिसली, तर ‘काही विशेष?’ हा प्रश्न गिळून टाकावा. ‘दमलीस का गं, घोटभर चहा घेतेस?’ एवढे विचारले तरी पुरे.